स्वयंपाकघरात गाणी ऐकायला छोटा, स्वतंत्र स्पीकर: काय बघून घ्यावा?

ओलेहात

मंडळी, सल्ला हवाय. स्वयंपाकघरासाठी एक छोटा स्पीकर घ्यायचाय. सध्या फोन स्टीलच्या भांड्यात उभा करून ठेवते. आवाज वाढतो खरा, पण गाणारा पिंपात बसून गातोय असं वाटतं. शिवाय मध्येच गाणं बदलावंसं वाटलं तर ओल्या बोटांना फोन अजिबात दाद देत नाही.

एकच डबा हवा. वेगळा ॲम्प्लिफायर, वायरींचं जंजाळ नको. जागा मायक्रोवेव्ह आणि भिंत यांच्या मधली, जेमतेम वीतभर. ऐकणं म्हणजे स्पॉटिफाय, इंटरनेट रेडिओ आणि अधूनमधून पॉडकास्ट. माझा फोन अँड्रॉइड, नवऱ्याचा आयफोन. आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना फोन हातात न घेता त्यांचं स्टेशन लावता आलं पाहिजे. त्या ॲपच्या भानगडीत पडणार नाहीत, आणि त्यांनी पडावं असं मलाही वाटत नाही.

जाहिरातींत जिकडेतिकडे वॅट आणि 'दमदार बास'. त्यातलं किती मनावर घ्यायचं?

साधासोपा

कुठलाही बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या. फोन जोडा, वाजवा. धागा संपला.

खर्जातला

इतक्यात नका संपवू हो, साधासोपा.

ओलेहात, मॉडेल बघायच्या आधी एक गोष्ट ठरवा: गाणं इंटरनेटवरून कोण आणणार, फोन की स्पीकर? सगळं त्यावर अवलंबून आहे.

ब्लूटूथमध्ये गाणं फोन आणतो आणि स्पीकरकडे ढकलतो. म्हणजे फोन कायम गुंतलेला. कोणाचा कॉल आला की गाणं थांबणार. तुम्ही फोन घेऊन गच्चीवर गेलात की खरखर सुरू, आणि मग शांतता. साध्या फोनला मोकळ्या जागेत दहाएक मीटरचा पल्ला मिळतो, मध्ये भिंत आणि फ्रिज आला की त्याहून कमी. आणि तुमच्या सासूबाईंना तर फोनच नकोय, मग ब्लूटूथ घेऊन त्या काय करणार?

वायफाय स्पीकर घरच्या राउटरला जोडलेला असतो. त्यात स्पॉटिफाय कनेक्ट (स्पीकरनं थेट स्पॉटिफायवरून गाणं घ्यायची सोय) किंवा इंटरनेट रेडिओ असेल तर गाणं तो स्वतः आणतो, फोन फक्त रिमोट. फोन बंद करा, बाहेर घेऊन जा, गाणं चालू राहतं.

साधासोपा

मान्य, पण वायफायवाले स्पीकर पहिल्या दिवशी जोडताना जीव खातात. ॲप उतरवा, खातं उघडा, लोकेशनची परवानगी द्या, मग म्हणणार 'डिव्हाइस सापडलं नाही'. माझा ब्लूटूथ स्पीकर एक बटण दाबलं की तयार. तेवढा साधेपणा कुठे मिळतो?

पडद्यामागे

'सापडलं नाही' याचं कारण बहुतेक वेळा स्पीकर नसतो, राउटर असतो. फोन पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर आणि स्पीकर मुख्य नेटवर्कवर असेल तर दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. काही राउटरमध्ये एकाच नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांपासून तोडणारी सेटिंग असते, तीही बघा.

खर्जातला यांनी वायफाय स्पीकर गाणं स्वतः आणतो असं लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो. सगळं वायफाय सारखं नसतं.

स्पॉटिफाय कनेक्ट आणि गूगल कास्ट (गूगलची तशीच सोय) यांत फोन फक्त 'हे वाजव' एवढंच सांगतो. एअरप्लेमध्ये, म्हणजे ॲपलच्या वायफायवरून आवाज पाठवायच्या सोयीत, आयफोनवरून वाजवलं तर साधारणपणे आवाज फोनमधूनच वाहतो, म्हणजे फोन घराबाहेर गेला की गाणंही गेलं. एअरप्लेची रेंज ब्लूटूथपेक्षा चांगली, कॉलची कटकटही कमी, पण फोन मोकळा होत नाही. तुमच्या घरात एक अँड्रॉइड आणि एक आयफोन, तेव्हा दोघांनाही चालेल असा सरळ समान धागा म्हणजे स्पॉटिफाय कनेक्ट. खोक्यावर ते नाव आहे का एवढं आधी बघा.

आणि एक वास्तव आत्ताच ऐकून ठेवा. तुम्ही दोघं एकच स्पॉटिफाय खातं वापरत असाल, आणि तुम्ही स्वयंपाकघरात ऐकत असताना नवऱ्यानं गाडीत गाणं लावलं, तर तुमचं बंद पडेल. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. स्पीकर बिचारा फुकटच्या शिव्या खातो.

ओलेहात

एकच खातं आहे :) म्हणजे भांडणाची सोय झाली. फॅमिली प्लॅनचं बघते.

आवाजाबद्दल कोणी बोलेल का? ओट्यावरचा एक्झॉस्ट पंखा बऱ्यापैकी घोंघावतो. त्यावर मात करेल असं काहीतरी हवं.

मंद्र

आवाजावर मी लिहितो. लांबेल, आधीच सांगतो.

वॅट विसरा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. वर खोक्यावरचे वॅट कसे मोजले ते कोणी धड सांगत नाही. शंख मोठा, आत वारा कमी.

त्यापेक्षा आतल्या शंकूचा, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याचा, व्यास बघा. खालचा सूर काढायला हवा ढकलावी लागते, आणि इवल्याशा शंकूला ती ढकलता येत नाही. गूगलच्या नेस्ट मिनीत ४० मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, म्हणजे शंकू, आहे. त्याच कंपनीच्या, २०२० मध्ये आलेल्या नेस्ट ऑडिओत ७५ मिलिमीटरचा वूफर (खालच्या सुरांचा) आणि १९ मिलिमीटरचा ट्वीटर (वरच्या सुरांचा). पॉडकास्ट दोन्हींवर ऐकता येतो. पण एखादं गाणं लावून बास ऐका, मिनीत तो फक्त सूचित होतो. छोट्या डब्यातून बास काढायला कंपन्या पॅसिव्ह रेडिएटर लावतात, म्हणजे वायर न जोडलेला, आतल्या हवेच्या दाबानं हलणारा पडदा. त्यानं फरक पडतो, पण भौतिकशास्त्राला फसवता येत नाही. पूर्ण आवाज वाढवला की असे बरेच स्पीकर स्वतःला वाचवायला बास गुपचूप कापतात. म्हणून दुकानात ऐकताना आवाज अर्ध्यावर नाही, पाऊणवर नेऊन ऐका.

आता पंखा. त्याचा घोंघाट सगळ्या सुरांवर पसरलेला असतो, पण खालचे सूर त्यात आधी बुडतात. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला बास मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून ठेवलंय. म्हणून पंखा चालू असताना सगळा स्पीकर जोरात करण्यापेक्षा तो तुमच्या जवळ आणा. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल फुकट मिळतात. घरात भिंतींच्या परावर्तनामुळे थोडे कमी, पण मिळतात.

भिंतीचा दुसराही उपयोग. स्पीकर भिंतीला खेटून ठेवला की बास फुगतो, कोपऱ्यात ठेवला की आणखी. लहान स्पीकरला ही मदत हवीच असते. मोठा तसा ठेवलात तर गाणं घुमायला लागतं, तेव्हा एक वीत पुढे सरकवा. टाइल्स आणि दगडी ओट्यामुळे वरचे सूर टणाटण उडतात, त्यामुळे दुकानात गोड वाटलेला स्पीकर घरी कर्कश वाटू शकतो. ॲपमध्ये ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, कमी करायची सोय आहे का ते बघा. नसेल तर मी तो घेणार नाही.

स्टिरिओचा हट्ट धरू नका. ओट्यावरून सिंककडे, सिंककडून फ्रिजकडे तुम्ही फिरणार. दोन स्पीकरच्या नेमक्या मधोमध बसून ऐकणं तिथे होत नाही. एक चांगला डबा, विषय संपला.

गुणगुण

मंद्र, एकदम पटलं. फक्त 'शंख मोठा' वाचून हसले. तसे स्पीकर आमच्याकडे दोन आहेत.

वाफाळ

कोणी वाफ, तेल, पाणी यावर बोललंच नाही! स्वयंपाकघरातला स्पीकर यांनीच मरतो.

'वॉटरप्रूफ' वाचून खूष होऊ नका. खोक्यावर पाणी आणि धुळीपासून बचावाचा आयपी दर्जा लिहितात. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेल्या शिंतोड्यांपासून बचाव. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी केलेली नाही किंवा जाहीर केलेली नाही, धुळीपासून बचाव आहे असा त्याचा अर्थ लावू नका. या चाचण्या पाण्याच्या आहेत. तेलाच्या वाफेसाठी त्यातून काहीच हमी मिळत नाही.

तेलकट थर कापडी जाळीवर बसला की कायमचा. घासता येत नाही, धुता येत नाही, त्यावर धूळ चिकटते. घरगुती वायफाय स्पीकर बहुतेक कापडातच गुंडाळलेले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आयपी दर्जा नसतोच. म्हणून जागा निवडताना शेगडीपासून दूर, पंखा वाफ ओढतो त्या वाटेत नाही, आणि सिंकच्या शिंतोड्यांच्या बाहेर. धातूची किंवा प्लास्टिकची जाळी मिळाली तर सोनं.

बॅटरीवाला स्पीकर गरम ठिकाणी दिवसरात्र चार्जरवर ठेवायचा नसतो. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत भरलेलं पोट, दोन्ही मानवत नाहीत. जागेवर प्लग असेल तर बॅटरीशिवायचाच घ्या.

पडद्यामागे

आणि मायक्रोवेव्ह! ओलेहात, तुम्ही स्पीकर मायक्रोवेव्हच्या शेजारी ठेवणार म्हणताय. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ब्लूटूथ आणि वायफायचा २.४ चा पट्टा तिथेच. थोडी गळती सुरक्षित मर्यादेतही असते, आणि माणसाला काही होत नसलं तरी शेजारच्या स्पीकरचा प्रवाह अडखळायला तेवढी पुरते. ५ गिगाहर्ट्झ चालवणारा वायफाय स्पीकर घेतलात तर हा प्रश्न उरत नाही. खोक्यावर 'ड्युअल बँड', म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही, शोधा.

जुनी तबकडी

सगळे आवाजावर बोलताहेत, मी आयुष्यावर बोलतो. स्पीकरच्या.

स्ट्रीमिंग स्पीकर म्हणजे पडदा, चुंबक आणि एक भाड्याची सेवा. पहिले दोन वीस वर्षं टिकतात. तिसरी कंपनीच्या मनावर.

इंटरनेट रेडिओच बघा. स्टेशनांची यादी स्पीकरमध्ये नसते, कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर असते. रेसिव्हा नावाची अशी यादी २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर चालणारे रेडिओ एका रात्रीत मुके झाले, आतलं यंत्र ठणठणीत असताना. बीबीसीनं २०२३ मध्ये आपले जुन्या पद्धतीचे स्ट्रीम बंद केले, तेव्हाही काही जुन्या रेडिओंवरून ती स्टेशनं गेली. मार्च २०२५ मध्ये एका सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जगभरचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ (गूगलची टीव्हीला आणि स्पीकरला लावायची स्ट्रीमिंग उपकरणं) बंद पडले. गूगलनं दुरुस्त केलं, पण तोवर लोक घरच्या वायरी तपासत बसले होते. बोसनं २०२५ मध्ये साउंडटच या स्पीकर मालिकेचा क्लाउड, म्हणजे कंपनीचा सर्व्हर, बंद करणार असं जाहीर केलं. त्या स्पीकरचं वैशिष्ट्यच सहा प्रीसेट बटणं (दाबलं की साठवलेलं स्टेशन लागतं) होतं, आणि त्या बटणांची भिस्त क्लाउडवर. ब्लूटूथ किंवा ऑक्समधून (वायरीनं आवाज जोडायचं भोक) ते वाजतील, पण ज्या कारणासाठी घेतले ते कारण गेलं.

उलटंही उदाहरण आहे. लॉजिटेकनं स्क्वीझबॉक्स ही नेटवर्क रेडिओंची मालिका २०१२ मध्ये गुंडाळली, त्यांची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद पडली. तरी ते रेडिओ आजही चालतात, कारण सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं होतं आणि लोकांनी ते लिरियन या नावानं जिवंत ठेवलंय. घरातल्या एका छोट्या संगणकावर चालतं.

माझा नियम एकच. कंपनीचा सर्व्हर उद्या मेला तरी आवाज आत घालायचा एक रस्ता उरला पाहिजे. ऑक्सचं भोक किंवा ब्लूटूथ. दोन्ही असतील तर उत्तम.

साधासोपा

म्हणजे शेवटी ब्लूटूथच! मी पहिल्याच प्रतिसादात तेच म्हणालो होतो.

खर्जातला

ब्लूटूथ *सुद्धा* आणि ब्लूटूथ*च* यांत फरक आहे, साधासोपा.

हुकूम

व्हॉइस असिस्टंटचा विचार केला का? हात खरकटे असताना 'आवाज कमी कर' असं तोंडानं सांगणं म्हणजे स्वर्ग. टायमर पण लावता येतो. सासूबाईंनाही सोपं जाईल.

गुणगुण

आमच्याकडे आहे. पंखा चालू, नळ चालू, गाणं चालू, आणि मी त्या डब्यावर ओरडतेय. तो एक भलतंच गाणं लावतो. मग मी ओले हात पुसून फोन घेते. आमची आजी तर त्याच्याशी बोलायलाच तयार नाही, म्हणते भिंतीशी कोण बोलणार.

शिवाय सतत ऐकणारा माइक घरात हवा की नको, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माइक बंद करायचं बटण असतं, पण मग असिस्टंट कशाला घेतला?

हुकूम

आमचा बऱ्यापैकी ऐकतो. पण पंख्याचा मुद्दा मान्य, मी वाजवतो तेव्हा पंखा बंद असतो.

मोजपट्टी

जागा वीतभर म्हणालात म्हणून मापं देतो. नेस्ट ऑडिओ साधारण साडेबारा सेंटिमीटर रुंद, साडेसतरा उंच, आठच खोल. कास्ट आणि ब्लूटूथ आहे, ऑक्स नाही, एअरप्ले नाही. होमपॉड मिनी दहा सेंटिमीटरहून थोडा कमी रुंद आणि साडेआठ उंच, म्हणजे कुठेही बसेल. पण तो सुरू करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो, आणि अँड्रॉइडवरून त्याला ब्लूटूथनं गाणं पाठवता येत नाही. तुमच्या घरात तो नवऱ्याचा स्पीकर होईल. सोनोसचा एरा १०० बारा सेंटिमीटर रुंद, अठरा उंच, वायफाय, एअरप्ले २, ब्लूटूथ आणि स्पॉटिफाय कनेक्ट. ऑक्ससाठी वेगळा ॲडॉप्टर घ्यावा लागतो. कास्ट नाही. मंद्र यांच्या कसोटीवर या तिघांत तोच पुढे. पण सोनोसचं ॲप मे २०२४ मध्ये नव्यानं आलं तेव्हा त्यात इतका गोंधळ होता की कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली होती, तेव्हा घेण्याआधी ॲपबद्दलचे ताजे अभिप्राय वाचा.

स्टेशनसाठी स्वतंत्र प्रीसेट बटणं या तिघांनाही नाहीत.

आणि वीज. वायफाय स्पीकर बंद दिसला तरी जागा असतो. समजा सतत २ वॅट खातो, तर वर्षाला साडेसतरा युनिट. फार नाही, पण शून्यही नाही.

जुनी तबकडी

सासूबाईंचा प्रश्न 'स्मार्ट स्पीकर' या खणात सुटणारच नाही. त्या खणातून बाहेर या आणि 'इंटरनेट रेडिओ' शोधा. रॉबर्ट्स, प्युअर, रुआर्क, सँगियन असे लोक टेबलावरचे रेडिओ बनवतात. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत इंटरनेट रेडिओ, स्पॉटिफाय कनेक्ट, ब्लूटूथ आणि समोर क्रमांक लिहिलेली बटणं, सगळं एकत्र मिळतं. सगळ्यांत सगळं नसतं, मॉडेलगणिक तपासा.

माझ्या बहिणीकडे असा एक आहे. उजवीकडे जाडसर गोल खुंटी, फिरवली की आवाज, दाबली की चालू-बंद. खुंटीच्या कडेला खाचा आहेत, त्यामुळे साबणाचा हात असला तरी निसटत नाही. मनगटानं सुद्धा फिरते. काचेवर बोट घासून आवाज कमी करायचे ते चकचकीत स्पीकर ओल्या हाताला ओळखत नाहीत, उलट पाण्याचा थेंब पडला की स्वतःच आवाज वाढवतात. स्वयंपाकघरात खुंटीच हवी. यावर मी वाद घालणार नाही.

पहिल्यांदा स्टेशन शोधून १ नंबरवर साठवायचं काम तुम्ही करा. बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की बहुतेकांत साठतं. पुढे सासूबाईंनी फक्त १ दाबायचं.

मंद्र

खुंटीला माझं अनुमोदन. फक्त त्या रेडिओंचे स्पीकरही ऐकून घ्या. काही मॉडेलांत लाकडी खोकं सुंदर आणि आत शंकू बारका.

वाफाळ

आणि लाकडी खोकं असेल तर ते शेगडीपासून आणखी लांब :)

ओलेहात

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

माझं आता असं ठरतंय: प्रीसेट बटणांचा इंटरनेट रेडिओ, त्यात स्पॉटिफाय कनेक्ट आणि ब्लूटूथ दोन्ही, ऑक्सचं भोक असेल तर बरं, आणि आवाजाला खुंटी. व्हॉइस असिस्टंट नको. जागा बदलतेय, मायक्रोवेव्हच्या विरुद्ध बाजूला फडताळाच्या खालच्या कप्प्यात प्लग आहे. तिथे भिंतीला खेटून बसेल. तीन बाजूंनी बंदिस्त कप्पा आहे, त्यानं आवाज बिघडेल का?

मंद्र

कप्प्याच्या आत ढकललात तर बिघडेल, गाणं घुमेल. स्पीकरचं तोंड कप्प्याच्या कडेच्या बरोबरीनं किंवा बोटभर बाहेर ठेवा. मागे वायरीपुरती मोकळी जागा सोडा. तरी घुमला तर ॲपमधून किंवा मेनूमधून बास दोन पायऱ्या उतरवा.

पडद्यामागे

घेतल्या घेतल्या पहिल्या आठवड्यात हे करून बघा: रेडिओ लावून मायक्रोवेव्ह चालवा, राउटर बंद करून परत चालू करा, आणि वीज गेल्यावर रेडिओ आपोआप नेटवर्क पकडतो का ते बघा. यांत अडला तर परत करायची मुदत संपायच्या आत करा.

ओलेहात

करते. दोन मॉडेलांचे फोटो सासूबाईंना दाखवले. त्यांनी एकच विचारलं, बटणांवरचे आकडे चष्म्याशिवाय दिसतात का. फोटोत ते करड्यावर करडे आहेत.

जुनी तबकडी

नाही दिसत. बहिणीनं १ नंबरच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. उंचवटा येतो, बोटाला लागतो.